बर्फाची सावली निळी असते : एका नाकारलेल्या चित्राचा इतिहास

१/
बर्फ पांढरा असतो, हे लहान मूलही सांगेल. पण बर्फाने वेढलेले घर तैलरंगांत रंगवायला बसलेल्या चित्रकाराने केवळ पांढरा रंग वापरला, तर हाती येतो तो बर्फ नव्हे, खडूचा ढीग. युरोपातील चित्रकलेला हे पुरते उमगायला चार शतकांहून अधिक काळ लागला. आणि ज्या चित्रात ते सर्वांत निःशंकपणे मांडलेले दिसते, ते चित्र १८६९ साली पॅरिसच्या परीक्षकांनी परत पाठवले. हा थ्रेड त्या चित्राचा आणि त्यातल्या निळ्या सावलीचा.

२/
चित्राचे नाव ‘ला पी’. फ्रेंचमध्ये ‘पी’ म्हणजे मॅगपाय. हा कावळ्याच्या कुळातला काळा-पांढरा, लांब शेपटीचा पक्षी; आपल्याकडच्या टकाचोराचा नातलग. चित्रकार क्लोद मोने. काळ १८६८-६९चा हिवाळा. स्थळ फ्रान्समधील नॉर्मंडीच्या किनाऱ्यावरील एत्रता गावाचा परिसर. कॅनव्हास ८९ सेंटीमीटर उंच, १३० सेंटीमीटर रुंद. त्यावर बर्फाने झाकलेले घर, झाडे, एक कुंपण आणि फाटकावर बसलेला तो पक्षी. माणूस एकही नाही.

३/
थोडे मागे जाऊ. बर्फ आणि घर यांचे नाते युरोपीय चित्रांत फार जुने आहे. १४१५च्या आसपास लिंबर्ग बंधूंनी बेरीच्या ड्यूकसाठी एक प्रार्थनापुस्तक चित्रांनी सजवले. त्यातील फेब्रुवारीच्या पानावर बर्फाच्छादित शेतघर आहे. त्याची पुढची भिंतच चित्रकारांनी काढून टाकली आहे, म्हणून आत शेकोटीपाशी ऊब घेणारी माणसे दिसतात. बाहेर बर्फ, आत आग: हिवाळी घराच्या चित्राचा गाभा तेव्हाच सापडला होता. मात्र हे चर्मपत्रावरचे लहानसे काम, तैलचित्र नव्हे.

४/
तैलरंगांत हा विषय भव्य झाला १५६५ साली. अँटवर्पचा धनिक व्यापारी निक्लास योंगेलिंक याच्यासाठी थोरल्या पीटर ब्रुगेलने वर्षातील ऋतूंची चित्रमाला लाकडी फलकांवर रंगवली. ‘बर्फातले शिकारी’ हे त्यातले हिवाळ्याचे चित्र. आज मालेतील पाच चित्रे उरली आहेत: तीन व्हिएन्नात, एक प्रागमध्ये, एक न्यूयॉर्कमध्ये. १५६४-६५चा हिवाळा पश्चिम युरोपात अतिशय कडक होता. इतिहासकार ज्याला ‘लघु हिमयुग’ म्हणतात, त्या काही शतकांच्या थंड कालखंडातला तो हिवाळा.

५/
ब्रुगेलच्या चित्रात दमलेले शिकारी परततात. हाती लागला आहे एक कोल्हा. डावीकडे सराई आहे, तिची पाटी एका कडीवर लोंबकळते आहे आणि दारापुढे जाळ पेटला आहे. खाली गोठलेल्या तळ्यांवर माणसे घसरत खेळतात. आकाश आणि बर्फाळ पाणी दोन्ही एकाच करड्या-हिरव्या छटेत आहेत. थंडी हाडांत शिरते. पण नीट पाहा: या बर्फावर ठळक सावली कुठेच नाही. ब्रुगेलने निवडला आहे तो ढगाळ दिवस.

६/
ढगाळ दिवशी प्रकाश सर्व बाजूंनी सारखा येतो. बर्फ एकसंध दिसतो. त्यावरची झाडे, माणसे, छपरे काळसर आकृत्या होऊन उठून दिसतात. सतराव्या शतकातील डच चित्रकारांनीही बहुधा असाच हिवाळा रंगवला: करडे आकाश, गोठलेले कालवे, लहान लहान माणसांची गर्दी. खरा पेच उभा राहतो तो आकाश उघडल्यावर, कलत्या उन्हात. तेव्हा त्याच बर्फावर लांब सावल्या पडतात. त्या कोणत्या रंगाच्या काढायच्या?

७/
चित्रशाळांचे उत्तर ठरलेले होते: तपकिरी किंवा करड्या. कॅनव्हासवर आधी गडद अस्तर द्यायचे, त्यावर उजेडाची ठिकाणे उजळत न्यायची आणि सावली पातळ, तपकिरी ठेवायची, ही जुनी रीत. स्टुडिओत उत्तरेकडच्या खिडकीतून येणाऱ्या मंद प्रकाशात ती रीत शोभते. तिने रंगवलेले चेहरे आणि मखमल आजही थक्क करतात. पण उन्हातल्या बर्फावर तपकिरी सावली घातली, की बर्फ मळल्यासारखा दिसतो. घराभोवती हिम नव्हे, चिखल साठतो.

८/
प्रत्यक्षात काय घडते? बर्फ दृश्य प्रकाशातील जवळजवळ सर्व रंग सारखेच परत फेकतो. म्हणजे त्याच्यावर जसा प्रकाश पडेल, तसा तो दिसतो. उन्हातल्या भागावर सूर्याचा पिवळसर प्रकाश पडतो. सावलीतल्या भागापर्यंत थेट ऊन पोहोचत नाही. तिथे पोहोचतो तो आकाशाचा प्रकाश, आणि हवेत निळा प्रकाश अधिक विखुरत असल्याने तो निळसर असतो. म्हणजे सावली हा प्रकाशाचा अभाव नव्हे; ती दुसऱ्या दिव्याखालची जागा आहे.

९/
हे निरीक्षण मोनेच्या आधीचे आहे. जर्मन महाकवी ग्योथे १७७७च्या डिसेंबरात हार्झ पर्वतातील ब्रोकेन शिखरावर चढला होता. उतरताना पिवळसर झाक असलेल्या बर्फावर त्याला जांभळट सावल्या दिसल्या. सूर्य मावळू लागून आसमंत लालसर झाला, तेव्हा त्याच सावल्या हिरव्या वाटू लागल्या. १८१० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या रंगविषयक ग्रंथात त्याने हा अनुभव नोंदवला. सावलीचा रंग शेजारच्या उजेडाच्या रंगावर अवलंबून असतो, हे त्याने बर्फावरच पाहिले.

१०/
पॅरिसमध्ये याच कोड्याला भिडला रसायनशास्त्रज्ञ मिशेल शेव्रल. गोबलँच्या सुप्रसिद्ध शाही विणकामशाळेत तो रंगाई विभागाचा प्रमुख होता. काळा रंग फिका उतरतो, अशी तक्रार त्याच्याकडे आली. तपासल्यावर रंगात दोष निघाला नाही. निळ्या-जांभळ्या धाग्यांच्या शेजारी असल्यामुळे तो काळा डोळ्याला फिका दिसत होता. १८३९ साली शेव्रलने यावर ग्रंथ लिहिला. शेजारी ठेवलेले दोन रंग एकमेकांचे रूप पालटतात. पिवळ्याच्या सान्निध्यात करडाही निळा-जांभळा भासतो. उन्हातल्या बर्फाची सावली दोन कारणांनी निळी होते: एक आकाशात, दुसरे आपल्या डोळ्यात.

११/
पण सावली निळी आहे हे कळणे वेगळे आणि निळा रंग हाताशी असणे वेगळे. शतकानुशतके सर्वोत्तम निळा रंग लाजवर्द या दगडापासून बनत असे. तो यायचा आजच्या अफगाणिस्तानातील बदख्शानच्या खाणींतून. युरोपात त्याचे नावच पडले अल्ट्रामरीन, म्हणजे समुद्रापलीकडचा. तो इतका महाग होता की मातेच्या, म्हणजे मरियमच्या वस्त्रासाठी तो राखून ठेवला जाई. एखाद्या खेडवळ कुंपणाच्या सावलीवर तो उधळणे कोणाला परवडणार?

१२/
एकोणिसाव्या शतकाने ही अडचण सोडवली. १८०२ साली फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ तेनार याने कोबाल्ट निळा तयार केला. १८२४ साली फ्रान्समधील उद्योगप्रोत्साहन संस्थेने कृत्रिम अल्ट्रामरीन बनवणाऱ्यास ६,००० फ्रँकचे पारितोषिक जाहीर केले. १८२८ साली ते ज्याँ-बातिस्त गिमे याला मिळाले. चिनीमाती, सोडा, गंधक अशा साध्या द्रव्यांपासून आता तोच गडद निळा भट्टीत तयार होऊ लागला. राजांचा आणि देवांचा निळा रंग कफल्लक चित्रकाराच्या पेटीत आला.

१३/
हा कृत्रिम निळा आपल्या ओळखीचा आहे. पूर्वी पुडीतून मिळणारी कपड्यांची नीळ म्हणजे बहुतांशी हेच कृत्रिम अल्ट्रामरीन. पिवळट पडलेले धोतर नीळीच्या पाण्यातून काढले की शुभ्र दिसते. भिंतीला चुना देताना त्यात चिमूटभर नीळ घालतात, तीही याचसाठी. पांढऱ्याला अधिक पांढरे करायचे तर त्यात निळा मिसळावा लागतो, हे आपल्याकडच्या परटाला आणि रंगाऱ्याला हातसवयीने ठाऊक होते. मोनेच्या बर्फाचे रहस्य याहून फार वेगळे नाही.

१४/
आणखी एक शोध दिसायला क्षुल्लक, पण परिणामाने मोठा. पूर्वी घोटलेला तैलरंग डुकराच्या मूत्राशयाच्या पिशवीत बांधून ठेवत. टाचणीने भोक पाडून रंग काढायचा. मग उरलेला लवकर सुके किंवा पिशवी फुटे. १८४१ साली जॉन गॉफ रँड या लंडनमध्ये राहणाऱ्या अमेरिकी चित्रकाराने दाबता येणाऱ्या कथलाच्या ट्यूबचे पेटंट घेतले. झाकण फिरवले की रंग बंद. तैलरंगांचा अख्खा संसार खांद्यावर टाकून बर्फात जाऊन उभे राहणे आता सुलभ झाले.

१५/
याच काळात पूर्वेकडून एक नवी नजर आली. १८६७च्या पॅरिस जागतिक प्रदर्शनात जपान अधिकृतपणे सहभागी झाला. हिरोशिगेसारख्या चित्रकारांचे लाकडी ठशांचे छापील देखावे फ्रेंच तरुणांच्या हाती पडू लागले. त्यांत हिमाच्छादित छपरे होती आणि बर्फ दाखवला होता कागद कोरा ठेवून. मोनेने पुढे अशा छापचित्रांचा मोठा संग्रह केला. मात्र तैलरंगांत कोऱ्या कागदाची सोय नसते. तिथे प्रत्येक पांढरा रंगवावाच लागतो.

१६/
आता मोनेकडे वळू. १८६७ साली तो २६ वर्षांचा होता. त्याचे ‘बागेतील स्त्रिया’ हे मोठे चित्र त्या वर्षी सालोंने नाकारले. सालों म्हणजे पॅरिसचे सरकारमान्य कलाप्रदर्शन. तिथे जागा मिळाली तर गिऱ्हाईक मिळे. ऑगस्टमध्ये त्याच्या सहचारिणीला, कामीयला, मुलगा झाला: ज्याँ. वडिलांना हे नाते मान्य नव्हते. चित्रकार मित्र फ्रेदेरिक बाझीय याने ते नाकारलेले चित्र २,५०० फ्रँकना घेतले आणि महिना ५० फ्रँक असे हप्ते लावून घेतले.

१७/
१८६८चा उन्हाळा अधिक वाईट गेला. जूनअखेरीस मोनेने बाझीयला कळवले की खाणावळवाल्याने आपल्याला बाहेर काढले आहे आणि उद्वेगाच्या भरात आपण पाण्यात उडी टाकली. सुदैवाने काही अपाय झाला नाही. पुढे ल आव्रचा जहाजमालक लुई-जोआकिम गोदिबेर मदतीला आला. त्याने पत्नीचे व्यक्तिचित्र मोनेकडून करून घेतले. त्या आधारावर हिवाळ्यासाठी एत्रतामध्ये भाड्याचे छोटे घर घेता आले. कामीय, बाळ ज्याँ आणि मोने अखेर एका छपराखाली आले.

१८/
डिसेंबरात त्याने बाझीयला लिहिलेल्या पत्राचा सूरच वेगळा आहे. हिवाळ्यातला हा मुलूख आपल्याला उन्हाळ्याहून अधिक भावतो, असे तो सांगतो. दिवसभर बाहेर काम करावे, संध्याकाळी छोट्या घरात परतावे. तिथे शेगडी पेटलेली आहे, घरची माणसे आहेत, याचे समाधान त्यात आहे. ‘ला पी’ची पार्श्वभूमी ही आहे. ज्याला काही महिन्यांपूर्वी डोक्यावर छप्पर नव्हते, तो माणूस बर्फात उभा राहून घर रंगवत होता.

१९/
उभा राहून, हे शब्दशः खरे. १८६८ साली ल आव्रच्या एका वृत्तपत्रात कडाक्याच्या थंडीतल्या मोनेचे वर्णन आले होते: आधी दिसते पाय शेकायची छोटी शेगडी, मग घोडी, मग तीन ओव्हरकोट चढवलेला, हातमोजे घातलेला, अर्धवट गोठल्या चेहऱ्याचा माणूस. तो बर्फाचा परिणाम अभ्यासत होता. थंडीत तेल घट्ट होते, रंग कुंचल्याला जड लागतो, बोटे वळत नाहीत आणि हिवाळ्याचा दिवस तर आखूड. सावली सरकण्याआधी तिचा रंग पकडायचा असतो.

२०/
पांढरा रंग होता शिशाचा सफेदा. शिशाच्या पत्र्यांच्या गुंडाळ्या शिरक्याच्या भांड्यांवर ठेवून शेणखतात आठवडेच्या आठवडे गाडत. उष्णतेने आणि वाफांनी त्यांवर पांढरा थर चढे. तो खरवडून, दळून जवसाच्या तेलात घोटत. या धुळीने कामगारांना विषबाधा होई. पण तैलरंगांत इतका दाट, लवचीक आणि वरचा थर पेलणारा पांढरा दुसरा नव्हता. चित्रांतल्या शुभ्रतेमागे हा काळाकुट्ट हिशेबही आहे.

२१/
‘ला पी’मधला सफेदा क्वचितच निर्भेळ आहे. ऊन लागलेल्या बर्फात पिवळसर उबदार झाक, सावलीत निळी आणि जांभळट, दूरच्या भागात धुरकट करडी. आकाशही जवळजवळ बर्फाइतकेच उजळ आहे. घर कुंपणामागे, झाडांच्या फांद्यांआड अर्धवट दडलेले; छपरावर बर्फाचा जाड थर. घराच्या कडा कोरून काढलेल्या नाहीत. त्या हवेत विरतात. वातावरण वातावरण म्हणतात ते हेच: वस्तू आणि आपण यांच्यामध्ये असलेली हवा रंगवणे. जवळचे ठळक, लांबचे फिके आणि थंड.

२२/
सूर्य समोरून, घराच्या बाजूने येतो. म्हणून कुंपणाची सावली आपल्याकडे पडते. ती निळी आहे. बिचकत घातलेली झाक नव्हे, चित्राच्या खालच्या भागात पसरलेला उघड निळा पट्टा. आणि ती निळी आहे म्हणूनच वरचा बर्फ उन्हात तळपतो. संपूर्ण चित्रात खरा गडद काळा जवळजवळ एकाच ठिकाणी आहे, फाटकावरच्या त्या पक्ष्यात. तो झाकून पाहा. सगळा उजेड क्षणात मंदावतो. कोणतीही गोष्ट न सांगता चित्र एका क्षणाला बांधून ठेवते. पक्षी उडेल आणि हा क्षण संपेल.

२३/
१८६९च्या सालोंसाठी मोनेने हे चित्र आणि एक समुद्रचित्र पाठवले. परीक्षकांनी दोन्ही नाकारली. त्यांना केवळ मूर्ख ठरवणे सोपे, पण अन्यायाचे होईल. ज्यांचे डोळे तपकिरी सावलीवर घडले होते, ज्यांना चित्रात कथा आणि घोटीव पूर्णता शोधायला शिकवले होते, त्यांच्यापुढे होते रिकामे शेत, निळे पट्टे आणि एक पक्षी. बर्फ कसा असतो हे त्यांना आधीच ठाऊक होते. ज्ञान कधी कधी डोळ्यांवरच पडदा टाकते.

२४/
निकालाची किंमत मोनेच्या घराने चुकवली. त्या उन्हाळ्यात तो पॅरिसजवळ बुजिव्हालच्या परिसरात राहत होता. ऑगस्टमध्ये त्याने बाझीयला कळवले: आठवडाभर घरात भाकरी नाही, चूल नाही, दिवा नाही, रेन्वार आपल्या घरून पाव आणून देतो म्हणून तग धरून आहोत. पुढच्या वर्षी युद्ध पेटले. मित्राचे चित्र हप्त्यांनी विकत घेणारा बाझीय नोव्हेंबर १८७०मध्ये प्रशियन सैन्याशी लढताना मारला गेला. तो २८ वर्षांचा होता.

२५/
१८७४ साली मोने आणि त्याच्या सोबत्यांनी सालोंची वाट पाहणे सोडून स्वतःचे प्रदर्शन भरवले. टीकाकारांनी हिणवण्यासाठी वापरलेला ‘इम्प्रेशनिस्ट’ हा शब्द त्यांना कायमचा चिकटला. निळ्या सावलीचा उपहास त्यानंतरही थांबला नाही. १८८० साली लेखक युइस्माँस याने या चित्रकारांच्या निळ्याच्या नादाला चक्क एक रोग ठरवले: ‘इंडिगोमेनिया’, म्हणजे निळीचे वेड. जे डोळ्यांसमोर होते ते रंगवणाऱ्यांच्याच डोळ्यांत बिघाड असल्याचे निदान झाले.

२६/
हे ‘वेड’ टिकले. सिस्ले आणि पिसारो यांनी गावांतली बर्फाळ घरे रंगवली. १८७४-७५च्या हिवाळ्यात मोनेने आर्जांत्योय येथे बर्फाची १८ चित्रे केली. १८९५ साली, पन्नाशी उलटल्यावर, तो नॉर्वेत गेला आणि सांडविकाची बर्फात बुडालेली घरे त्याने रंगवली. अंगावर हिम पडत असताना काम करताना आपल्या दाढीला बर्फाचे लोलक लटकत होते, असे त्याने गमतीने कळवले. एव्हाना तो कीर्तिमान झाला होता. घोडी मात्र अजून बर्फातच उभी होती.

२७/
‘ला पी’ १९८४ साली फ्रान्सच्या राष्ट्रीय संग्रहात आले. आज ते पॅरिसच्या ओर्से संग्रहालयात आहे आणि तिथल्या सर्वांत लाडक्या चित्रांपैकी एक आहे. परत पाठवले गेले तेव्हा आणि आज, चित्रातला एकही रंग कोणी बदललेला नाही. बदलले आहेत ते पाहणाऱ्यांचे डोळे. इतिहास केवळ राजे, लढाया आणि तह यांचा नसतो. माणसाने काय पाहायला शिकले आणि ते पाहण्याची किंमत कोणी मोजली, याचाही तो असतो.

२८/
हे तपासायला बर्फ लागत नाही. निरभ्र दिवशी सकाळच्या किंवा संध्याकाळच्या कलत्या उन्हात पांढरा कागद ठेवा आणि त्यावर पेन्सिल उभी धरा. पडलेली सावली करडी आहे असे मन लगेच सांगेल. मनाचे क्षणभर ऐकू नका. कागदाच्या उजळ भागाशेजारी ती ताडून पाहा. चुन्याची भिंत असेल तर आणखी उत्तम. जी निळाई दिसेल, तिच्यासाठी एका कुटुंबाने चुलीविना दिवस काढले होते.

(थ्रेड समाप्त)